ईस्टर एका दिवसाचा नसतो राजेहो: नव्या माणसाने पन्नास दिवस शास्त्र कसं वाचावं

दरवर्षी आमच्याकडे हेच होते. उत्तम शुक्रवारी चर्चमध्ये बसायला जागा नाही, बारा ते तीन भक्ती, वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलणार, लाइट गेली तरी माणूस जागचा हलत नाही. मग रविवारी पहाटे कब्रस्तानात मेणबत्त्या, फुलं, प्रार्थना, घरी येऊन मटण, आणि सोमवारपासून बायबल परत कपाटात, ते थेट नाताळापर्यंत. म्हणजे येशू उठला आणि आपण झोपलो. मी पण वर्षानुवर्षं असाच होतो म्हणून बोलून राहिलो, कोणाला टोमणा नाही.

आता दोन-तीन वर्षांपासून आमच्या छोट्या मंडळीत नवीन लोक यायला लागले. कोणी लग्न होऊन आलेली सून, कोणी पुण्या-मुंबईहून काम सोडून परत आलेला पोट्टा, एक-दोघं नुसते उत्सुकतेने येणारे. सगळ्यांचा प्रश्न एकच, भाऊ सुरुवात कुठून करू? पहिल्या पानापासून सुरू केलं तं लेवीय या तिसऱ्या पुस्तकापर्यंत जाऊन दम निघते. मी काही पाळक नाही, अचलपूर तालुक्यात संत्र्याची बाग अन थोडी कपाशी करणारा माणूस, रविवारी वाचन करायला उभा राहतो एवढीच माझी डिग्री. पण स्वतः ठेच खाऊन जे समजलं ते सांगतो.

आधी कॅलेंडर पाहा

ईस्टर हा पन्नास दिवसांचा काळ आहे. पुनरुत्थानाच्या रविवारपासून मोजायचं, चाळीसाव्या दिवशी स्वर्गारोहण, तो नेहमी गुरुवारीच येतो, आणि पन्नासावा दिवस पेंटेकॉस्ट, पवित्र आत्मा उतरला तो. २०२६ चं सांगायचं तं ५ एप्रिलला ईस्टर, १४ मेला स्वर्गारोहण, २४ मेला पेंटेकॉस्ट. २०२७ ला ईस्टर २८ मार्चलाच आहे. तारीख का हलते असं सगळेच विचारतात, तं ती चंद्रावर चालते, २१ मार्च किंवा त्याच्या नंतरची जी पहिली पौर्णिमा, तिच्या पुढचा रविवार. गावातल्या माणसाला हे सोपं जाते, कारण ती पौर्णिमा एखाद वर्षी होळीची असते नाहीतर हनुमान जयंतीची. २०२४ ला होळी झाली आणि त्याच आठवड्यात ईस्टर, २०२६ ला हनुमान जयंतीच्या मागोमाग.

आणि हा उपासाचा काळ नाही बरं का. लेंटचे, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपासाचे, चाळीस दिवस संपले. काही नवीन लोकं जोशात उपास पुढे चालूच ठेवतात, त्यांना सांगा की बाप्पा, आता जेवा. ३२५ साली ख्रिस्ती धर्मगुरूंची नायसियाची परिषद झाली तिने तं नियमच करून ठेवला की रविवारी आणि ईस्टर ते पेंटेकॉस्ट या दिवसांत गुडघे टेकायचे नाही, उभं राहून प्रार्थना करायची. आज सगळ्या चर्चमध्ये तो पाळत नाहीत, पण ज्याचे गुडघे वखराच्या मागं फिरून फिरून गेले त्याला हा नियम फार आवडते. मी तं उभ्यानंच करतो.

पुस्तक कोणतं घ्यायचं

घरात जे आहे तेच घ्या. बहुतेक घरात बायबल सोसायटीचं मोठं काळं बायबल असते, त्याची भाषा जुनी आहे, "तुम्हांस" वगैरे, पण दोन दिवसात कान सरावतात. सोपं पाहिजे असेल तर पंडिता रमाबाईंचं भाषांतर आहे, त्या बाईने हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या मराठीत अख्खं बायबल केलं, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये ते छापलं, १९२४ ला बाहेर आलं. त्या वारल्या ५ एप्रिल १९२२ ला, आणि २०२६ चा ईस्टर पण बरोबर ५ एप्रिलला, हे मला कॅलेंडर पाहता पाहता दिसलं.

मोबाइलवर यूव्हर्जनचं बायबल ॲप फुकट आहे, त्यात मराठी आवृत्त्या आहेत. एक करा, तालुक्याच्या गावी गेले की चांगल्या नेटवर आवृत्ती डाउनलोड करून ठेवा, कारण आमच्यासारखं डोंगराच्या पायथ्याशी राहत असाल तर टॉवर कधी जाईल त्याचा नेम नाही. पण माझा सल्ला, वाचायला कागद आणि ऐकायला मोबाइल. मोबाइलवर वाचायला घेतलं की मधात व्हॉट्सॲप वाजते, मंग मंडीचा भाव, मंग कोणाची तरी रील, आणि मरीया तिकडं कबरेपाशी रडत उभी ती उभीच.

नवीन माणसाला पत्ता कसा वाचायचा ते पण सांगून ठेवतो. योहान २०:११ म्हणजे योहानाचं शुभवर्तमान, अध्याय २०, ओवी ११. शुभवर्तमानं चार, मत्तय, मार्क, लूक, योहान, ती नव्या कराराच्या सुरुवातीलाच असतात.

वेळ

एप्रिल-मे आहे. दुपारी चव्वेचाळीस-पंचेचाळीस डिग्रीत मनन होत नसते, झोप होते. पहाटे पाच ते सहा हाच वेळ, अंगणात खाटेवर, अजून हवेत गारवा असतो, पाखरं सुरू झालेली असतात. योहान पण सांगतो की मरीया कबरेकडे गेली ती अंधार असतानाच गेली. ज्या बायांना सकाळी पाणी, चूल, डबे, त्यांनी रात्री सगळं आवरल्यावर. कुरड्या-शेवयांच्या दिवसात तेही जमत नाही, तेव्हा नुसतं ऐका हात चालू ठेवून. पंधरा मिनिटं बस्स.

वाचायचं कसं, म्हणजे खरं काम

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो. पहिल्या दिवसासाठी योहान २०:११-१८ घ्या. आठच ओव्या. मग्दालीया मरीया बागेत कबरेबाहेर रडून राहिली, मागे वळून पाहते तं कोणी उभा, तिला वाटते हा माळी असेल, ती म्हणते दादा तुम्ही त्याला नेलं असेल तर कुठं ठेवलं ते सांगा. तो फक्त तिचं नाव घेतो, मरीया. आणि ती ओळखते.

एकदा नुसतं ऐका किंवा घरातल्या कोणाला वाचायला लावा. दुसऱ्यांदा स्वतः मोठ्यानं वाचा, बोट ठेवून, शाळेत वाचत होतो तसं, लाजायचं नाही. तिसऱ्यांदा जिथं मन अडकलं तेवढीच ओळ. समजा तुम्हाला "माळी" हाच शब्द अडकला. मला तोच अडकला होता पहिल्या वर्षी, कारण मी स्वतः दिवसभर बागेत असतो आणि रस्त्यानं जाणारे माझ्याकडे पाहत पण नाही, मंग वाटलं की तिनं ज्याला माळी समजून दादा म्हटलं तो देव होता, तर मी कोणाकोणाला नुसता माळी, नुसता मजूर समजून पुढं गेलो असेन. त्या दिवशी तेवढंच झालं, पुढं काही सुचलं नाही, आणि तेवढं पुरे.

जुन्या मठातले लोक या अडकलेल्या शब्दाला धरून ठेवण्याला रवंथ म्हणत. खरंच हाच शब्द वापरत ते लॅटिनमध्ये. दुपारी निंबाखाली ढोरं बसतात, सकाळचा चारा परत वर आणून हळू हळू चावतात, डोळे अर्धे मिटलेले, तसंच. तो शब्द घेऊन वावरात जा, पाणी बदलताना, फवारणीच्या पंपात पाणी भरताना, मनात फिरवत राहा.

मंग बोला. जे वाटलं ते साध्या भाषेत येशूला सांगा, आपल्या वऱ्हाडीत सांगितलं तरी चालते, त्याला समजते. राग आला असेल तं राग सांगा. मरीयेनं पण काही छान छान शब्द वापरले नव्हते, ती रडत विचारून राहिली होती.

आणि शेवटी गप्प बसा. हे सगळ्यात अवघड. संत्रावाल्यांना मी असं समजावतो की मृग बहार घ्यायचा तर एप्रिल-मेमध्ये बागेला ताण देतो आपण, पाणी तोडतो, पानं मलूल होतात, बाहेरच्या माणसाला वाटते बाग वाळली, आणि आपण मुद्दाम काहीच करत नाही, पाऊस पडला की फूल येते. वाचून झाल्यावर पाच मिनिटं तसा ताण द्या. नवीन वचन शोधू नका, गाणं लावू नका. काही वाटलं नाही तरी बसा.

हे चार टप्पे, वाचन, मनन, प्रार्थना आणि गप्प राहणं, मी काढलेले नाहीत. बाराव्या शतकात फ्रान्समधल्या कार्थूशियन मठातल्या गुइगो नावाच्या साधूने शिडीच्या चार पायऱ्या म्हणून लिहून ठेवले, लेक्सिओ दिविना म्हणतात त्याला. नाव लक्षात नाही राहिलं तरी चालेल.

पहिले तीन आठवडे काय वाचायचं

एक गंमत तुमच्या लक्षात येईल. या बहुतेक गोष्टींत येशूला पहिल्या झटक्यात कोणी ओळखतच नाही. मरीयेला माळी वाटला, अम्माऊसच्या रस्त्यावर वाटसरू वाटला, तळ्यावर किनाऱ्यावरचा कोणी माणूस वाटला. जे तीन वर्षं त्याच्यासोबत फिरले-जेवले त्यांना वेळ लागला. म्हणून पहिल्या वाचनात काही समजलं नाही की घाबरायचं नाही, तुम्ही चांगल्या लोकांच्या रांगेत आहात.

पहिला आठवडा मरीया, वर सांगितलं तसं, योहान २० चा पहिला अर्धा भाग तुकड्या तुकड्यानं.

दुसऱ्या रविवारी चर्चमध्ये बहुतेक थोमाच ऐकायला मिळेल, जखमा पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हणणारा शिष्य. त्याला सगळे संशयी म्हणून बदनाम करतात, पण योहान २०:२० नीट वाचा, बाकीच्यांनी हात आणि कूस पाहिली तेव्हाच ते खूश झाले. थोमानं तेवढंच मागितलं जे दुसऱ्यांना मिळालं होतं. हाच थोमा इ.स. ५२ ला केरळात आला अशी परंपरा आहे, म्हणजे आपल्याकडचा पाहुणा.

मग लूक २४:१३-३५, अम्माऊसचा रस्ता. यावर एक आठवडा पूर्ण द्या, कमी पडला तर दोन द्या. २०२६ मध्ये कॅथलिक चर्चमध्ये तिसऱ्या रविवारी, १९ एप्रिलला हेच वाचन आहे. दोन माणसं यरुशलेम सोडून चाललीत, एकाचं नाव क्लयपा, दुसऱ्याचं लूकनं दिलंच नाही, तिथं आपलं नाव टाकायला जागा आहे. अंतर साठ स्टेडियन, म्हणजे अकरा किलोमीटरच्या आसपास. एसटी बंद असताना बाजारातून पायी घरी आला असाल तर माहीत असेल अकरा किलोमीटरमध्ये किती बोलणं होते. आम्ही एका वर्षी हे वाचन बसून न करता चालत केलं, चर्चपासून पांदण रस्त्यानं कालव्यापर्यंत, दोघादोघांनी, जाताना आपली निराशा एकमेकांना सांगायची, पिकाची, कर्जाची, पोराच्या नोकरीची, जी असेल ती, आणि येताना वाचायचं. बसून वाचलेलं विसरलो, ते विसरलो नाही.

आणि संध्याकाळ होते तेव्हा ते वाटेत भेटलेल्या वाटसरूला, म्हणजे येशूलाच, आग्रह करतात, दिवस बुडाला आता, कुठं जाता, राहा. ही तं आपलीच भाषा आहे. माझ्या आईला वाचता येत नाही, ती मोबाइलवर ऐकते. भाकर मोडायची ओळ आली तशी ती म्हणाली, "पाव्हना सोता भाकर मोडते का कवा? घरधनी मोडते. मंग तो घरधनीच झाला ना." मी एवढ्या वेळा वाचलं पण हे मला कधी दिसलं नव्हतं. पाहुणा म्हणून घरात घेतला आणि ताटावर बसल्यावर तो यजमान झाला, आणि तिथंच त्यांचे डोळे उघडले.

तिसऱ्या आठवड्यात योहान २१. रात्रभर जाळं टाकून एक मासा नाही, हे भंडारा-गोंदियाच्या तलावांवर मासे धरणाऱ्या भोई-ढिवर लोकांना समजावून सांगायची गरज नाही. पहाटे किनाऱ्यावरून कोणी तरी म्हणते उजवीकडे टाका, आणि १५३ मासे. या १५३ वर मोठमोठ्या लोकांनी डोकं लावलं, संत ऑगस्टिननं हिशोब काढला की १ पासून १७ पर्यंत बेरीज केली तर १५३ येते, आणि ती येते, मी करून पाहिली. मला मात्र वाटते की कोणीतरी मासे मोजले कारण वाटणी करायची होती. धंद्यातला माणूस मोजतोच.

पण या अध्यायात खरं थांबायचं ठिकाण म्हणजे कोळशाचा विस्तव. किनाऱ्यावर येशूनं विस्तव पेटवलाय, त्यावर मासळी आणि बाजूला भाकर. आता मागं जा, योहान १८:१८. तिथं पण कोळशाचा विस्तव आहे, त्याच्याजवळ शेकत उभा राहून येशूच्या शिष्यानं, पेत्रानं, अटकेच्या रात्री म्हटलं होतं मी त्याचा नाही. मूळ ग्रीक शब्द अख्ख्या नव्या करारात या दोनच ठिकाणी येतो. म्हणजे पेत्राच्या नाकात तोच धूर गेला असेल. तीनदा नाकारलं आणि इथं तीनदा विचारलं जाते, माझ्यावर प्रेम करतोस का. आणि विचारायच्या आधी येशूनं त्याला जेवू घातलं, उपाशीपोटी झाडाझडती घेतली नाही. हा भाग चुलीजवळ बसून वाचा, गॅस असला तरी एक दिवस चूल पेटवा.

चौथ्या रविवारी मेंढपाळाचा पाठ असतो, योहान १०. तो वाचायच्या आधी धनगरांचा वाडा पाहून या, मेंढरं कोणाच्या आवाजाला उठतात ते पाहा. बाकी समजते आपोआप.

जिथं नवीन माणूस अडते

चार शुभवर्तमानं जुळत नाहीत. मत्तयात कबरेवर एक देवदूत, मार्कात एक तरुण, लूकमध्ये दोन पुरुष, योहानात दोन देवदूत. बायांची नावं पण कमी-जास्त. नवीन माणूस हे पाहून हबकते. चारही एका गंजात टाकून खिचडी करू नका. एका वेळी एकच लेखक, तो काय दाखवून राहिला ते पाहा.

मार्क १६ वाचताना आठव्या ओवीनंतर कंस किंवा खाली टीप दिसेल. सगळ्यात जुन्या हस्तलिखितांमध्ये मार्क तिथंच संपतो, बाया भ्यायल्या आणि कोणाला काही बोलल्या नाही. पुढच्या ९ ते २० ओव्या नंतरच्या आहेत असं बहुतेक अभ्यासक मानतात. हे समजून विश्वास डळमळला असं एकानं मला सांगितलं होतं. मला उलट बरं वाटलं, की भ्यालेल्या बायांवर पुस्तक संपवायची हिंमत त्यानं केली. आणि त्या बोलल्याच नसत्या तर आपल्याला हे कळलं कसं? त्या प्रश्नासोबत दोन दिवस राहा.

सगळ्यात जुनी लेखी साक्ष पाहिजे असेल तर १ करिंथ १५. प्रेषित पौलानं हे पत्र इ.स. ५५ च्या आसपास लिहिलं, शुभवर्तमानांच्याही आधी. त्यात कोणाकोणाला येशू दिसला त्याची यादीच आहे.

नंतर प्रेषितांची कृत्ये

हे चार शुभवर्तमानांच्या लगेच पुढचं पुस्तक, अध्याय बरोबर २८. २०२६ ला २७ एप्रिलपासून रोज एक घेतला तर २४ मेला, पेंटेकॉस्टच्याच दिवशी, शेवटचा अध्याय येते. कॅथलिक मिस्सात, म्हणजे त्यांच्या उपासनेत, तर या काळात जुन्या कराराच्या जागी पहिला पाठ यातूनच असतो. इथं रवंथ कमी आणि चालणं जास्त, गोष्टीसारखं वाचत जा. फक्त दुसरा अध्याय पन्नासाव्या दिवशी परत एकदा वाचा.

एकट्यानं की सोबत

दोन्ही. आठवड्यातून एकदा घरसभेत चार-पाच जण बसा. प्रत्येकानं एक ओवी वाचायची, पण ज्याला वाचता येत नाही त्याच्या हातात पुस्तक देऊन लाजवू नका, आधीच विचारून ठेवा. कोणाला काय दिसलं ते प्रत्येकानं एक-दोन वाक्यात सांगायचं, आणि त्यावर वाद नाही, सुधारणा नाही, प्रवचन तं बिलकुल नाही. आमच्यात एक बोलणारे बावा आहेत, त्यांच्यासाठी मोबाइलवर टायमर लावावा लागते.

घरात सगळेच ख्रिस्ती नसतील तर त्यांच्या टीव्हीच्या वेळेला मोठ्यानं वाचून घर डोक्यावर घेऊ नका. वचनं दुसऱ्याला टोचायला नसतात. सासूला ऐकू जावं म्हणून निवडलेलं वचन मला लगेच ओळखू येते.

अजून एक खोड, डोळे मिटून पान उघडायचं आणि बोट पडेल ते आजचं वचन. तो शकुन झाला. घाई पण करू नका. ना. वा. टिळकांचं माहीत असेल, नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या माणसानं त्यांना नवा करार दिला, आणि ते वाचत गेले, डोंगरावरच्या प्रवचनापाशी येऊन थांबले ते तिथून हलेचनात. बाप्तिस्मा झाला १८९५ ला, म्हणजे एवढ्या मोठ्या कवीला पण वर्षं लागली. तुम्ही तं आत्ताच सुरुवात करून राहिले.

वही

पोरांच्या मागच्या वर्षीच्या वह्यांमध्ये कोरी पानं राहतात, त्या फाडून शिवून घ्या. रोज तीनच ओळी, कोणता शब्द अडकला, कोणता प्रश्न पडला, आज कोणासाठी प्रार्थना केली. तारीख टाका. दुसऱ्या वर्षी तेच वाचन येते तेव्हा मागचं पान काढून पाहायला फार मजा येते, मागच्या साली ज्याच्यासाठी रडत होतो ते काम झालं असते आणि आपण विसरून पण गेलेलो असतो.

आणि वही कुठं ठेवायची हे पहिल्याच दिवशी ठरवा. २४ मेला पन्नास दिवस संपतात, २५ ला रोहिण्या लागतात, मंग बियाणं-खताच्या धावपळीत घरातली कोणतीच वस्तू जागेवर राहत नाही. माझी मी दोरी ओवून माठाच्या वरच्या खिळ्याला अडकवून ठेवतो, पाणी प्यायला गेलं की डोक्याला लागते.